व्हिक्टोरियाच्या काळातल्या गुप्तहेरपटातली बंदूक ओळखायची कशी? नवख्यांसाठी पहिल्यापासून

चार वर्षांपूर्वी आमच्या हौशी नाट्यसंस्थेनं लंडनमध्ये घडणारं एक रहस्यनाट्य बसवायला घेतलं आणि सामानाची जबाबदारी माझ्याकडे आली. काठ्या, कंदील, टोप्या जमल्या. रिव्हॉल्व्हर लाकडाचं करून घ्यायचं ठरलं, म्हणून एका चित्रपटातलं चित्र छापून मी सुतारकाकांकडे गेले. त्यांनी चित्र हातात धरलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "ताई, मुठीचं टोक गोल आहे का चौकोनी? इथं तर हाताखाली झाकलंय." मला सांगता येईना. घरी येऊन तो चित्रपट पुन्हा लावला आणि तेव्हापासून हा छंद लागला तो लागलाच.

या वाटेवर मी बऱ्याच चुका केल्या. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगते: बंदुकीचं नाव शोधायला सर्वांत शेवटी निघायचं. आधी साल, मग ती उघडते कशी, मग आकार, आणि त्यानंतर नाव. मी उलट्या बाजूनं सुरुवात करायचे, आणि डोक्यात एकदा नाव बसलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं.

जवळ काय काय हवं

- चित्रपटाची शक्य तितकी स्वच्छ प्रत. मोबाइलवर फिरणारी तुकड्यातुकड्यांची क्लिप चालणार नाही. ब्लू-रे मिळाली तर उत्तम.
- व्हीएलसी प्लेअर. त्यात ई हे अक्षर दाबलं की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं, आणि शिफ्ट धरून एस दाबलं की त्या चौकटीचा फोटो जतन होतो. संगणकावर हे दोन्ही फुकट होतं.
- एक वही. खरोखरची, कागदाची.
- तुलनेसाठी संग्रहालयांचे फोटो. इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयाचा संग्रह इंटरनेटवर फोटो आणि वर्णनासकट पाहता येतो. माझं निम्मं शिक्षण तिथंच झालं.

खरं शस्त्र हातात घ्यायची गरज कुठेही पडत नाही. जुनं आहे, शोभेचं आहे, म्हणून कुणी विकायला आणलं तर हात लावू नका. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे, आणि एखादी जुनी वस्तू त्यातून सुटते की नाही हे विकणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावरून ठरत नाही.

आधी थोडे शब्द

मराठीत आपण सगळ्यालाच पिस्तूल म्हणतो आणि 'घोडा दाबला', 'चाप ओढला' हे एकाच अर्थानं वापरतो. ओळख पटवताना तसं करून चालत नाही. या लेखात 'चाप' म्हणजे बोटानं ओढायचा भाग. 'घोडा' म्हणजे मागच्या बाजूला उठून काडतुसावर आपटणारा भाग. 'चक्री' म्हणजे गोळ्या भरायचा फिरणारा गोल. फिरती चक्री असेल ते रिव्हॉल्व्हर.

१. कथेचं साल पक्कं करा

चित्रपट कधी आला ते सोडून द्या, कथा कधी घडते ते बघा. व्हिक्टोरिया राणीचं राज्य १८३७ ते १९०१. चौसष्ट वर्षांत शस्त्रं इतकी बदलली की 'व्हिक्टोरियाकालीन रिव्हॉल्व्हर' म्हणणं म्हणजे 'विसाव्या शतकातली मोटार' म्हणण्यासारखं आहे. सुरुवातीला ठासणीच्या बंदुका होत्या, शेवटी माउझरचं १८९६चं स्वयंचलित पिस्तूल बाजारात होतं.

पडद्यावर वर्तमानपत्र दिसलं तर तारीख वाचा. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या खुनांची (जॅक द रिपरची) गोष्ट असेल तर साल १८८८. पात्र दुसऱ्या अफगाण युद्धातून नुकतं परतलेलं असेल तर १८८०-८१च्या आसपास. वहीच्या पानावर हे साल सर्वांत वर मोठ्या आकड्यात लिहा. ती तुमची कमाल मर्यादा. त्यानंतर जन्मलेलं कुठलंही शस्त्र कथेत असू शकत नाही. चित्रपटात मात्र ते असू शकतं, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

२. योग्य चौकटी गोळा करा

नायक गोळी झाडतो तो क्षण सर्वांत निरुपयोगी असतो, कारण धूर, हात आणि हालचाल यांत काही दिसत नाही. उपयोगी क्षण असे: टेबलावर ठेवलेलं रिव्हॉल्व्हर, खिशातून काढताना, मित्राच्या हातात देताना, आणि सर्वांत मोलाचा म्हणजे गोळ्या भरताना. डावी बाजू, उजवी बाजू, मुठीचं टोक, नळीचं तोंड आणि उघडलेली अवस्था, एवढे पाच फोटो मिळाले तर काम झालंच समजा. तीन मिळाले तरी सुरुवात करा.

एक सापळा इथेच आहे. एकाच पात्राच्या हातात एकाच प्रसंगात दोन वेगवेगळी शस्त्रं असतात. जवळून दाखवायला खरं, पळापळीत पडायला रबराचं. चक्री फिरत नसेल, नळीच्या तोंडाला भोकाऐवजी काळा ठिपका असेल, तर ती रबरी प्रत आहे आणि तिच्यावरून बारीक तपशील ठरवायचे नाहीत. म्हणून प्रत्येक फोटोखाली मिनिट आणि सेकंद लिहा.

३. ते उघडतं कसं?

ही पायरी घाईनं उरकू नका. घराणं इथेच कळतं, आणि घराणं कळलं की तीन चतुर्थांश उत्तर हातात आलं.

*केपाचं.* दिवाळीतली टिकल्यांची पिस्तूल आठवा. घोडा टिकलीवर आपटतो आणि ठिणगी पडते. १८५०च्या दशकातली रिव्हॉल्व्हरं याच तत्त्वावर चालायची. दारू आणि गोळी चक्रीत पुढून ठासायची आणि मागच्या बोंडांवर तांब्याच्या टोप्या, म्हणजे केपा, बसवायच्या. कोकणात ज्यांनी पिकाच्या राखणीची ठासणीची बंदूक पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. ओळखायची खूण म्हणजे नळीच्या अंगाशी गोळी ठासायचा दांडा आणि चक्रीच्या मागे बोंडं. दोन मोठी नावं आहेत: कोल्टचं १८५१चं नेव्ही आणि रॉबर्ट अ‍ॅडम्सचं त्याच वर्षीचं रिव्हॉल्व्हर. दोघांची लंडनमधल्या १८५१च्या महाप्रदर्शनात सरळ टक्कर झाली होती. वेगळं करणं सोपं आहे. कोल्टच्या चक्रीवर आकाश मोकळं, अ‍ॅडम्सच्या चक्रीवरून लोखंडी पट्टी गेलेली. शिवाय अ‍ॅडम्सच्या पहिल्या नमुन्यात घोड्याला अंगठ्यानं ओढायचं शेपूटच नाही. ते १८५६च्या ब्यूमाँट-अ‍ॅडम्समध्ये आलं.

*खिडकीचं.* इथं धातूचं काडतूस आलं. बंदुकीची चौकट, म्हणजे चक्रीभोवतीचा लोखंडी सांगाडा, अखंड असते आणि उजव्या बाजूला चक्रीमागे छोटी झडप असते. ती उघडून एकेक काडतूस आत, आणि रिकामी टोपणं एकेक करून दांडीनं बाहेर. १८७२ला लष्करानं स्वीकारलेलं अ‍ॅडम्स, १८६८पासून आयर्लंडच्या पोलिसांनी घेतलेलं इंग्लंडच्या वेब्ली कंपनीचं आरआयसी, १८७२चं वेब्ली बुलडॉग आणि अमेरिकेचं १८७३चं कोल्ट ही सगळी याच घराण्यातली.

*मोडतं.* बरीच टिकल्यांची खेळणी मधून मोडून उघडतात ना, तसंच. घोड्याजवळची कडी अंगठ्यानं दाबायची की नळी पुढे झुकते आणि मधली चांदणी वर येऊन सगळी टोपणं एकदम बाहेर फेकते. वेब्लीची लष्करी रिव्हॉल्व्हरं ती हीच. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं परवान्याचं .३२चं (हा आकडा म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात) रिव्हॉल्व्हरही वेब्लीच्याच वळणाचं, त्यामुळे ही रचना आपल्याला अगदीच परकी नाही.

*बाजूला झुकणारी चक्री.* कोल्टनं १८८९ला असं रिव्हॉल्व्हर काढलं. १८८०च्या लंडनमध्ये कुणी चक्री झटक्यात बाजूला काढून भरताना दिसलं तर तिथं लाल शाईनं खूण करा.

४. मूठ, नळी, घोडा

आता आकार. रात्रीच्या धुक्यात गोळ्या भरायचा प्रसंगच नसेल तर यावरच भिस्त ठेवावी लागते.

बुलडॉग ओळखायला सर्वांत सोपं. जेमतेम अडीच इंचांची आखूड नळी, पाच गोळ्या, पोपटाच्या चोचीसारखी वळलेली छोटी मूठ. कोटाच्या खिशात मावावं म्हणूनच केलेलं. हे इतकं खपलं की बेल्जियममध्ये आणि अमेरिकेत त्याच्या भरपूर नकला निघाल्या. १८८१ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर झाडलेलं रिव्हॉल्व्हर याच जातीचं होतं. म्हणून बंदुकीच्या सांगाड्यावरचा छाप वाचता येत नसेल तर 'वेब्ली बुलडॉग' लिहू नका, 'बुलडॉग धर्तीचं' लिहा.

मोडत्या वेब्लीचा वंश जरा तपशिलात बघू, कारण नव्वद टक्के भांडणं इथं होतात. 'मार्क' म्हणजे नमुन्याचा क्रमांक. मार्क १ लष्करानं १८८७ला घेतलं. मार्क २ आलं १८९४ला, मार्क ३ १८९७ला, मार्क ४ १८९९ला. राणी गेली १९०१ला. त्यानंतर मार्क ५ १९१३ला आणि मार्क ६ १९१५ला, म्हणजे पहिल्या महायुद्धात. मार्क ६ प्रचंड संख्येनं बनलं, त्यामुळे चित्रपटांना सामान पुरवणाऱ्यांकडे तेच सहज मिळतं आणि १८८५च्या गुप्तहेराच्या हातात बिनदिक्कत येऊन बसतं. फरक पाहायचा तो मुठीत. जुन्या मार्कांची मूठ खाली चोचीसारखी गोलसर वळते, मार्क ६ची खाली रुंद होत चौकोनी संपते. नळी मार्क १ची चार इंच, मार्क ६ची सहा इंच.

सुतारकाकांनी विचारलं होतं ते हेच. पण त्यांचा प्रश्न बरोबर असूनही मी पुढे त्याच खुणेवर फसले. एका चित्रपटात चौकोनी मूठ आणि लांब नळी दिसली, कथा १८९०च्या दशकातली. मी वहीत 'मार्क ६, चूक' लिहून मोकळी झाले, चार जणांना ठासून सांगितलंही. दीड महिन्यानं चांगली प्रत मिळाली तेव्हा बाकीचे तपशील जुळेनात. ते वेब्ली-ग्रीन होतं. वेब्लीनं खासगी गिऱ्हाइकांसाठी आणि नेमबाजांसाठी काढलेल्या त्या मालिकेत रुंद चौकोनी मूठ १८९०च्या दशकातच होती. चित्रपटवाल्यांनी नेमकी आणि दुर्मीळ वस्तू शोधून आणली होती आणि मी त्यांच्यावर ठपका ठेवला होता. ज्या चौघांना सांगितलं होतं त्यांना फोन करून चूक कळवली. तेव्हापासून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, निदान तीन हव्यात, हा नियम मी मोडलेला नाही.

आणखी दोन सापळे. पहिला नावाचा. '.३८ मार्क ४' नावाचं वेब्लीचं आणखी एक रिव्हॉल्व्हर आहे, ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं आणि अंगानं बारीक. १८९९चं मार्क ४ .४५५चं, जाडजूड. यादीत नुसतं 'मार्क ४' वाचून टिपण करू नका. दुसरा एन्फिल्ड क्रमांक २चा. लष्करानं ते १९३२ला घेतलं, वेब्लीसारखंच मोडतं, .३८चं. त्याच्या १९३८नंतरच्या नमुन्यात घोड्याचं शेपूट कापून टाकलेलं असतं. व्हिक्टोरियाच्या काळातल्या कथेत मोडतं रिव्हॉल्व्हर आणि बिनशेपटी घोडा एकत्र दिसले की संशय घ्याच.

५. लांब बंदुका

इथं काम सोपं आहे. चापाखाली मोठा लोखंडी दांडा असेल आणि तो खाली ओढून काडतूस भरत असतील तर मार्टिनी-हेन्री, १८७१. बाजूला मोठा घोडा आणि डबीच्या झाकणासारखा उघडणारा ठोकळा असेल तर स्नायडर, १८६६. बोल्ट, म्हणजे नळीमागचा लोखंडी दट्ट्या, मागेपुढे सरकवत असतील तर ली-मेटफर्ड, १८८८, किंवा त्यानंतरची ली-एनफिल्ड, १८९५. लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेलं आणि पुढे बोथट नाक असेल तर ती १९०४ची आखूड ली-एनफिल्ड, म्हणजे राणीनंतरची. तीही चित्रपटवाल्यांकडे ढिगानं असते, म्हणून पहारेकऱ्यांच्या हातात हमखास दिसते.

जमीनदाराच्या हवेलीत भिंतीवर टांगलेली दुनळी बहुतेक बारा बोरची असते. दोन घोडे बाहेर दिसत असतील तर जुनी पद्धत. दिसत नसतील तरी लगेच चूक म्हणू नका, कारण आत घोडे लपवलेली अ‍ॅन्सन आणि डीली यांची रचना १८७५ची आहे.

गस्तीवरचा साधा लंडनचा शिपाई सर्रास बंदूक घेऊन फिरत नसे. त्याच्याकडे लाकडी दंडुका आणि शिट्टी. प्रत्येक शिपायाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर दिसलं तर तो दिग्दर्शकाचा निर्णय समजा.

६. हवेची बंदूक

मला सर्वांत आवडणारा भाग. शेरलॉक होम्सच्या 'एम्प्टी हाउस' या कथेत खुनी हवेच्या बंदुकीतून रिव्हॉल्व्हरची मऊ गोळी झाडतो आणि रस्त्यावर कुणाला आवाज कळत नाही. ही कल्पना हवेतली नव्हती. ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांदोनीची हवेची रायफल अठराव्या शतकाच्या अखेरीलाच होती, आणि व्हिक्टोरियाच्या काळात फिरायच्या काठीत बसवलेल्या हवेच्या बंदुका इंग्लंडच्या दुकानांत मिळत. अशा बंदुकीवर हवा साठवायला फुगीर दस्ता किंवा जाड काठी हवी, आणि ती भरायला पंप. झाडताना ज्वाला नाही, धूर नाही. चित्रपटात 'हवेची बंदूक' म्हणत असताना नळीच्या तोंडाशी पिवळा भडका दिसला तर तो चित्रपटवाल्यांनी घातलेला आहे.

७. धूर बघा, आवाज ऐकू नका

काळ्या दारूचा बार निघाला की पांढरा दाट ढग पसरतो. फ्रान्समध्ये बिनधुराची दारू १८८४ला निघाली, इंग्लंडमध्ये कॉर्डाइट या तशाच दारूचं पेटंट १८८९चं. म्हणून १८८०च्या बंद खोलीत सहा बार झाल्यावर समोरचा माणूस स्पष्ट दिसत असेल तर काळ चुकलाय. यावरून शस्त्राचं नाव मात्र ठरत नाही, कारण चित्रीकरणात बिनगोळीची पोकळ काडतुसं असतात. आवाज तर बहुतेक वेळा नंतर चढवलेला असतो, त्यावरून काहीच ठरवू नका.

८. एक उदाहरण: डॉक्टरसाहेबांचं जुनं रिव्हॉल्व्हर

होम्सच्या कथांवरच्या अनेक चित्रपटांत डॉ. वॉटसनच्या हातात वेब्ली देतात. वरच्या पायऱ्या लावून बघू.

कथेप्रमाणे वॉटसन लष्करी डॉक्टर म्हणून मुंबईत उतरला, तिथून अफगाणिस्तानला गेला आणि मैवंदच्या लढाईत जखमी झाला. ही लढाई खरी आहे, २७ जुलै १८८०ची, आणि तिथं मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या: पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स. त्या दिवशी इंग्रज पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या आणि आपल्या शिपायांकडे एक पिढी जुन्या स्नायडर. १८५७नंतर देशी पलटणींना एक पाऊल मागचं शस्त्र देण्याचं ते धोरण होतं. मैवंदचा प्रसंग पडद्यावर दिसला तर मी सर्वांत आधी कुणाच्या हातात काय आहे ते बघते.

वॉटसन यानंतर लवकरच सैन्यातून बाहेर पडला. मग त्याचं 'लष्करातलं जुनं रिव्हॉल्व्हर' १८८७चं वेब्ली मार्क १ कसं असेल? त्या वेळी सैन्यात खिडकीचं .४५०चं अ‍ॅडम्स होतं आणि एन्फिल्डचं जुनं रिव्हॉल्व्हर (वरचं क्रमांक २ नव्हे) नुकतंच, १८८०ला, येत होतं. अधिकारी स्वतःच्या पैशांनीही शस्त्र घेत, म्हणून वेब्लीचं आरआयसी शक्य आहे. मोडतं वेब्ली मार्क १ नाही. 'स्पेकल्ड बँड'मध्ये होम्स त्याला 'एलीज नंबर टू' बरोबर घ्यायला सांगतो, त्यावरून नवखे एली नावाचं रिव्हॉल्व्हर शोधत बसतात. एली ही काडतुसं बनवणारी कंपनी. शोधायचंच तर काडतूस शोधा.

९. नोंद कशी लिहायची

प्रत्येक शस्त्रासमोर तीनपैकी एक शब्द लिहा: 'नक्की', 'बहुधा' किंवा 'घराणं कळलं'. 'नक्की'साठी तीन वेगळ्या खुणा हव्यात आणि त्या कुठल्या मिनिटाला दिसतात ते हवं. 'घराणं कळलं' लिहायला संकोच करू नका, माझ्या वहीत सर्वांत जास्त नोंदी त्याच आहेत. आणि काळाची चूक सापडली तर चुकीसमोर 'का' तेही लिहा. त्या घराण्याचं योग्य शस्त्र आज मिळणंच अवघड आहे, की ते सहज मिळत असूनही कुणी विचारलं नाही, यात फार फरक आहे.

आमच्या नाटकाची नोंद वहीच्या पहिल्या पानावर अशी आहे: कथा १८८३. पात्र डॉक्टर. खिडकीचं, अखंड चौकट, झडप उजवीकडे. मूठ गोल. अ‍ॅडम्स, १८७२. शिसवी, सुतारकाकांच्या हातचं. नक्की.